जानेवारीत उत्पत्ती, फेब्रुवारीत बंद: बायबल वाचनाची सवय आणि वही, पायरी पायरीने

दर वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या मिस्सानंतर (चर्चमधली मुख्य उपासना) चर्चच्या आवारात केक खाता खाता कोणीतरी म्हणतंच, यंदा बायबल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं. आणि फेब्रुवारीत तीच माणसं मला बघून हवापाण्याचं बोलायला लागतात. मी वसईची, रविवारच्या मिस्सानंतर आठ-दहा जणांचा छोटा वाचन ग्रुप चालवते, आणि मी स्वतः तीन वेळा ह्याच जागी आपटलेय, त्यामुळे कोण कुठे अडकणार हे आता तारखेसकट सांगता येतं.

हिशोब बघा. प्रोटेस्टंटांच्या ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये ११८९ अध्याय, आपल्या कॅथलिक बायबलमध्ये सात पुस्तकं जास्त म्हणजे काम आणखी वाढलं. नुसते ११८९ भागिले ३६५ धरले तरी रोजचे सव्वातीन अध्याय. उत्पत्ती ह्या पहिल्या पुस्तकाचे ५० मजेत जातात, योसेफाची गोष्ट तर सिरियलसारखी. निर्गम ह्या दुसऱ्या पुस्तकात समुद्र दुभंगतो, दहा आज्ञा येतात, आणि मग २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, मापं सुरू होतात, किती हात लांब, किती हात रुंद, पडद्याला किती कड्या. ह्या वेगाने तुम्ही तिथे २३-२४ जानेवारीला पोचता, झेंडावंदनाच्या दिवशी मंडपातच असता आणि महिना संपता संपता लेवीय, बळी आणि नियमांचं तिसरं पुस्तक. तिथे गाडी बंद पडते ती पुढच्या ३१ डिसेंबरपर्यंत.

वर लोक स्वतःलाच दोष देतात, माझी श्रद्धाच कमी. श्रद्धेचं नंतर बघू, आधी क्रम नीट लावूया.

सुरू करण्याआधीची तयारी

प्रत एकच ठेवा. घरात तीन बायबलं असतात, एक लग्नातलं, एक शाळेत बक्षीस मिळालेलं इंग्रजी, एक आजीचं. तिन्ही उघडून बसलात की वाचनापेक्षा तुलनाच जास्त होते. कुठलं घ्यायचं ह्याचा माझा साधा नियम: ज्या भाषेत तुम्ही घरात रागावता त्या भाषेतलं घ्या. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आमची पोरं इंग्रजीत वाचतात, समजतं सगळं, पण लागत काहीच नाही. मराठीत ‘पवित्र शास्त्र’ ह्या भाषांतराची भाषा जड वाटत असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीत आहे, तिथून सुरुवात करा.

वही स्वस्तातली घ्या, शंभर पानी, शाळेची. ग्रुपमधल्या एकीला मुलाने चामड्याच्या कव्हरची डायरी दिली होती, तिचं पहिलं पान इतकं सुंदर अक्षरात आहे की दुसरं पान लिहायची तिची हिंमतच झाली नाही, आजही कोरं आहे.

पेन्सिल साधी. बायबलचा कागद पातळ असतो, जेल पेनची शाई मागच्या पानावर उतरते आणि मग मत्तयच्या पुस्तकातल्या खुणा पुढच्या मार्कच्या पुस्तकात दिसायला लागतात. हायलायटर तर नकोच, पहिल्या आठवड्यात अख्खं पान पिवळं होतं आणि मग काहीच उठून दिसत नाही.

वेळ नवीन शोधू नका, आहे त्या सवयीला बांधा. ‘पहाटे पाचला उठून’ असं कोणी म्हटलं की मी मनात आठवडा मोजायला लागते. चहा उकळेपर्यंत, भात शिजेपर्यंत, नवरा दुकान उघडायच्या आधी, असं काहीतरी. मी घरी वाचते आणि विरार-चर्चगेटमध्ये फक्त आठवते, कारण सकाळच्या लेडीज डब्यात एका हाताने कडी धरून आणि दुसऱ्याने पर्स सांभाळून कोणी वही लिहू शकत असेल तर तिने मला येऊन शिकवावं.

तपासा: एक प्रत, एक वही, एक पेन्सिल, दिवसातली वीस मिनिटं. ह्यातलं एक जरी नसेल तर आज सुरू करू नका, उद्या करा.

पायरी १: मार्कपासून सुरुवात

मार्कचं शुभवर्तमान (येशूची गोष्ट सांगणारं पुस्तक, अशी चार आहेत) १६ अध्यायांचं, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं. रोज एक अध्याय. त्यात येशूचा जन्म नाही, वंशावळ नाही, पहिल्याच अध्यायात माणूस कामाला लागलेला आहे. त्यापुढचा क्रम मी असा देते:

मार्क १६, लूक २४, प्रेषितांची कृत्ये २८ (लूक आणि कृत्ये एकाच लेखकाची, त्यामुळे लागून वाचा), मग उत्पत्ती ५०, निर्गमचे पहिले २० म्हणजे दहा आज्ञांपर्यंत, मग रूथ ४, योना ४, योहान २१ आणि फिलिप्पैकरांस पत्र ४. एकूण १७१ अध्याय. रोज एक धरला तर साडेपाच महिने, लग्नं, आजारपणं, पाहुणे धरून सात. लेवीय नंतर वाचायचंच आहे, पण तोपर्यंत बळी, याजक, मंदिर हे शब्द ओळखीचे झालेले असतात आणि मग ते इतकं परकं वाटत नाही.

रात्री झोपताना जोडीला बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र, स्तोत्रं १५०. ती क्रमाने वाचली तरी चालतात. अपवाद ११९वं, ते १७६ वचनांचं आहे, ते आठवडाभर पुरवा.

सावधान, इथे हमखास गोंधळ होतो: स्तोत्रांचे नंबर सगळीकडे सारखे नसतात. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ बहुतेक बायबलांमध्ये २३वं, पण जुन्या कॅथलिक पुस्तकांत आणि काही उपासनेच्या पुस्तिकांत २२वं. मधल्या बऱ्याच स्तोत्रांत हा एकाचा फरक राहतो. वहीत नंबरासोबत पहिली ओळही लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी शोधत बसाल.

डिसेंबरमध्ये रोज लूकचा एक अध्याय वाचायची पद्धतही हल्ली फिरते, १ ते २४ तारीख. चांगली आहे, फक्त एवढं लक्षात घ्या की नाताळच्या आदल्या रात्री तुम्ही पुनरुत्थान वाचत असता. गोठा दुसऱ्या तारखेलाच मागे पडतो. मला ते उलट आवडतं, पण मुलांबरोबर वाचत असाल तर ती विचारणारच.

पायरी २: एका उताऱ्याचे चार फेरे

अख्खा अध्याय एकदा सरळ वाचून घ्या, पाच-सात मिनिटं लागतात. मग त्यातला दहाएक वचनांचा एकच तुकडा घेऊन चार फेरे करा. ह्याला लेक्सिओ डिव्हिना म्हणतात, फादर लोक वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन असं सांगतात. नावाला घाबरू नका. मार्क ४:३५-४१ घेऊन दाखवते, वादळ शांत होतं तो भाग.

पहिला फेरा मोठ्याने वाचा. खरंच मोठ्याने, शेजारच्या खोलीत ऐकू गेलं तरी चालेल. डोळा शब्द गाळतो, तोंड गाळत नाही.

दुसऱ्या फेऱ्यात हळू वाचत एका शब्दावर थांबा. कुठला शब्द ‘महत्त्वाचा’ हे शोधायचं नाही, कुठे अडखळलात ते बघायचं. मी अडखळले ते उशीवर. येशू होडीच्या मागच्या भागात उशीवर डोकं ठेवून झोपलाय. हीच गोष्ट मत्तय आणि लूकमध्येही आहे पण उशी फक्त मार्कमध्ये. होडीत उशी कोणी आणली असेल, असं मी चार दिवस मनात घोळवत होते.

तिसरा फेरा उत्तराचा. शिष्य त्याला उठवतात आणि म्हणतात, आम्ही बुडतोय, तुला काहीच कसं वाटत नाही? इथे तुम्हाला जे बोलायचंय ते बोला. बहुतेक जण इथे पाठ प्रार्थना म्हणून मोकळे होतात. पाठ प्रार्थना नंतर रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) आहेच, इथे आपलं वाक्य पाहिजे, मग ते तक्रारीचं का असेना. शिष्यांचं तरी कुठे गोड होतं.

चौथ्यात गप्प बसा. दोन मिनिटं. मोबाईलचा टायमर लावा आणि मोबाईल उपडा ठेवा. काही झालं नाही तरी चालतं, मला बहुतेक दिवशी काहीच होत नाही, डोक्यात मासळीचा हिशोबच चालू असतो.

तपासा: चार फेऱ्यांत तुम्ही दुसऱ्या कोणासाठी (‘हे नणंदेला ऐकवलं पाहिजे’) वाचत होता का? असाल तर दुसरा फेरा परत करा.

पायरी ३: डोळ्यासमोरचं चित्र तपासा

ही पायरी सगळे गाळतात आणि आपण किनाऱ्यावरचे लोक तर जास्तच, कारण आपल्याला वाटतं होड्या, जाळी, वादळ हे तर आपल्याच घरचं, समजून काय घ्यायचं.

गालील समुद्र म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर अर्नाळा यायचा, समोर किल्ला, ओहोटीला लांब गेलेलं पाणी. पण तो समुद्रच नाही. गोड्या पाण्याचा तलाव आहे, लांबी साधारण २१ किलोमीटर, रुंदी फार तर १३, आणि समुद्रसपाटीपेक्षा दोनशे मीटरच्या वर खाली खोलगट जागेत. भरती-ओहोटी नाही. आजूबाजूच्या डोंगरांवरून वारा अचानक खाली उतरतो आणि बघता बघता पाणी खवळतं. म्हणजे शिष्य मूर्खासारखे वादळात शिरले नव्हते, निघाले तेव्हा सगळं शांत असू शकतं. हे कळलं की त्यांची भीती वेगळी वाचली जाते.

दुसरं, पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, मार्क ४ मध्येच आहे. आमच्याकडे भात कसं लावतात? राब भाजायचा, त्यात बी टाकायचं, आवण, म्हणजे रोपं, तयार झालं की उपटून चिखलात एकेक चूड लावायची. त्यामुळे वाटेवर, खडकावर, काट्यांत बी फेकत जाणारा तो माणूस आमच्या आजीला कायम वेंधळाच वाटला, “एवढं बी फुकट घालवलं, सासरा काही बोलला नाही काय?” पण तिथे मुठीने बी फेकून पेरतात, थोडं इकडे तिकडे जाणारच. तरीही आजीचा प्रश्न मी वहीत जपून ठेवलाय, कारण दाखल्यातला उधळेपणा तिला दिसला होता, आम्ही सुशिक्षित मात्र खडक म्हणजे कोण आणि काटे म्हणजे कोण ह्याच्या याद्या करत बसलो होतो.

म्हणून: आधी तिथलं चित्र नीट करा, मग आपलं चित्र शेजारी ठेवा. बायबलच्या मागे नकाशे असतात, ते फाटेपर्यंत कोणी बघत नाही. मार्क वाचताना एकदा तरी कफर्णहूम, गालील, यरुशलेम कुठे ते बोटाने शोधा.

पायरी ४: वहीत तीनच ओळी

सगळ्यात जास्त चुका इथे. लोक वहीत प्रवचन लिहितात. ‘ह्यावरून आपल्याला बोध होतो की आपण सर्वांनी संकटात प्रभूवर विश्वास ठेवावा.’ ‘आपण सर्वांनी’ आलं की समजा तुम्ही पल्पिटवर चढलात. उतरा.

तारीख आणि संदर्भ लिहून खाली तीन ओळी. पहिलीत काय आहे, दुसरीत मला काय टोचलं, तिसरीत माझा प्रश्न. बस. माझी त्या दिवशीची नोंद जशीच्या तशी:

‘मार्क ४:३५-४१. वादळ येतं, येशू झोपलेला, उठवतात, शांत करतो. / ३६व्या वचनात लिहिलंय की बरोबर दुसऱ्या होड्याही होत्या. हे आजवर कधी दिसलंच नाही. / त्या होड्यांचं काय झालं? त्यांच्यात तर तो नव्हता.’

हा प्रश्न मी ग्रुपमध्ये वाचला तेव्हा एक कोळीण बाई लगेच म्हणाली, वारं थांबलं तर सगळ्यांनाच थांबलं ना. तिने आयुष्यभर वादळाच्या दिवशी किनाऱ्यावर उभं राहून परतणाऱ्या होड्या मोजल्या आहेत, आपलीच नाही, सगळ्या. मी प्रवचन लिहिलं असतं तर तिला बोलायला जागाच राहिली नसती.

उलटा अनुभव पण सांगते. योहान २१ मध्ये जाळ्यात १५३ मासे सापडतात. मी १५३ चा गूढ अर्थ काय ह्यावर दोन पानं लिहिली होती, बेरजा करून. पाचूबंदरच्या मासेमारी करणाऱ्या मामांना दाखवली तर म्हणाले, “वाटे करायचे तर मोजणारच की, त्यात काय लिहायचं?” दोन पानांवर काट मारली.

सावधान: व्हॉट्सॲपवर आलेलं वचन वहीत उतरवू नका. सूर्योदयाच्या फोटोवरचं एकटं वचन म्हणजे माशाचा एक खवला, मासा कुठला ते कळत नाही. आवडलंच तर आधी तो अध्याय काढून त्याच्या वरची दहा आणि खालची दहा वचनं वाचा. निम्म्या वेळा अर्थ वेगळाच निघतो.

पायरी ५: प्रश्नांचं पान

वहीच्या शेवटच्या चार पानांवर वर ‘प्रश्न’ लिहा. वाचताना काहीही पटलं नाही, रुचलं नाही की तिथे लिहून टाकायचं आणि पुढे वाचत राहायचं. उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाणार नाही म्हणणारे मार्कच्या ५व्या अध्यायात डुकरांपाशी (भुतं डुकरांच्या कळपात शिरतात आणि कळप बुडतो तो भाग) थांबलेले मी पाहिलेत.

काही जागा आत्ताच सांगते म्हणजे धक्का बसणार नाही. १३७वं स्तोत्र सुरू होतं किती सुंदर, बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणं, आणि संपतं शत्रूच्या तान्ह्या मुलांना खडकावर आपटण्यावर. ते तिथे आहे. ते वगळून वाचू नका आणि त्याचं समर्थनही करू नका, पानावर लिहा. दुसरी जागा मार्कचा शेवट. जुन्यात जुन्या हस्तलिखितांत तो १६:८ लाच थांबतो, बायका घाबरून कबरेपासून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढची वचनं बऱ्याच आवृत्त्यांत कंसात किंवा टीप देऊन असतात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना हे कळल्यावर दोन रविवार ते आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी आले आणि म्हणाले, पळाल्या हेच खरं वाटतं.

महिन्यातून एकदा त्या पानावरचे तीनच प्रश्न निवडून फादरना किंवा वाचलेल्या माणसाला विचारा. सगळे एकदम नेऊ नका, त्यांनाही जेवायचं असतं.

आणि काही प्रश्न त्या पानावर राहतात. आई आजारी होती त्या वर्षी मी रोज रात्री एक स्तोत्र वाचत होते आणि ८८वं आलं. जवळपास सगळी रडगाण्याची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, देवाची स्तुती येते. हे वळत नाही, अंधार म्हणूनच संपतं. दिलासा वगैरे काही मिळाला नाही, पण असं बोलायची परवानगी आहे हे कळलं, आणि त्या रात्री मी पहिल्यांदा पाठ नसलेलं काहीतरी बोलले. माझा त्या वर्षीचा प्रश्न अजून पानावरच आहे.

पायरी ६: रविवारशी जोडणी

शनिवारी संध्याकाळी रोझरी झाली की उद्याचं शुभवर्तमान घरात कोणीतरी मोठ्याने वाचायचं, पाच मिनिटांचं काम. रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं, एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या मार्क, तिसऱ्या लूक, आणि नवं वर्ष जानेवारीत नाही, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी सुरू होतं. जुनी पुस्तिका उघडून बसलात तर चुकीचं वर्ष वाचाल.

पायरी ७: बाकीची पुस्तकं

एका वेळी एकच, आणि ते बायबलच्या वेळेत नाही. संतांची चरित्रं, चिंतनं, आत्मकथनं, जे आवडेल ते. फक्त चरित्र वाचताना बोध शोधू नका, मधली वर्षं मोजा. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना बघा, त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) घेतला १८९५ साली, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या पाच वर्षांची पानं हळू वाचा. विश्वास एका रात्रीत आला असं सांगणाऱ्या पुस्तकांपेक्षा मला ती पानं जास्त उपयोगी पडतात.

पायरी ८: खंड पडला तर

पडणारच. नियम एकच, थकबाकी भरायची नाही. चार दिवस चुकले म्हणून पाचव्या दिवशी पाच अध्याय वाचायला बसलात की सहाव्या दिवशी बायबल कपाटात. आजची तारीख टाका, आजचा अध्याय वाचा, मधली जागा कोरी सोडा.

मोबाईल ॲपची स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस वाचलं ह्याची मोजणी, ह्याच कारणासाठी मला नको वाटते. भाच्याची दोनशेच्या वर दिवसांची स्ट्रीक होती, काल काय वाचलं विचारलं तर ॲप उघडून बघायला लागला.

वर्षभर जमतच नसेल तर हंगाम पकडा. राखेच्या बुधवारपासून (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) ईस्टरपर्यंतचे, रविवार सोडून, ४० दिवस आहेतच: मार्क आणि लूक मिळून बरोबर ४० अध्याय. आमच्या मामांचा हंगाम वेगळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी, बोटी शाकारलेल्या, दिवसभर जाळी विणत बसायचं. हे दिवस ६१. मार्क, लूक आणि योहान मिळून अध्यायही ६१. हा हिशोब मी त्यांना सांगितला आणि त्यांनी दोन पावसाळे तो पाळला, जाळं विणता विणता नातीकडून वाचून घेऊन.

पावसाळ्यात पुस्तक सांभाळणं

शेवटचं, पण किनाऱ्यावर ह्यातच पुस्तकं जातात. जूनच्या आधी बायबल बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातून काढा, त्या भिंती पाणी पितात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आतली ओल आतच राहते. कपाटात वेखंडाचे तुकडे किंवा चांगली सुकलेली कडुनिंबाची पानं ठेवा, कसर कमी लागते, औषधाच्या डब्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, त्याही टाका. पानं दमट वाटली तर पंख्याखाली उघडून ठेवा, कडक उन्हात पातळ कागद वाकडा होतो. बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या दिवशी बाहेर नेऊन, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने झटका.

आणि झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) मिळालेला झावळीचा क्रूस हिरवा असताना बायबलमध्ये ठेवायची सवय सोडा, आमच्या घरी यशयाच्या पुस्तकाची आठ पानं त्यानेच काळी पडली. आधी देवघरापाशी टांगून पूर्ण वाळू द्या, आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारच्या आधी चर्चमध्ये नेऊन द्या, राख त्याचीच करतात.